'सिटिझन अँड बुचर ऑफ लंडन': गिल्डच्या कागदांतून पूर्वज शोधताना

हल्ली बऱ्याच मराठी घरांत वंशावळीचं अर्धं झाड इंग्लंडात असतं. कुणाची सून तिकडची, कुणाचा जावई. कुणाकडे पुण्या-मुंबईच्या अँग्लो-इंडियन आजीपासून निघालेला धागा असतो. नातवंडं दोन्हीकडचं विचारतात. आपल्या बाजूला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या असतात, तिकडे काय? सुरुवातीला जनगणना आणि जन्म-मृत्यूचे सरकारी दाखले पुरतात. पण सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. त्यामागे गेलात की हाती उरतात चर्चची रजिस्टरं, आणि त्यांत बहुतेकदा नाव आणि तारीख, बस्स. लंडनमध्ये दोन-चारशे जॉन स्मिथ एकाच वेळी नांदत असताना त्या नावाचं करायचं काय?

अशा वेळी उपयोगी पडतात व्यापारी गिल्डचे (एकेका धंद्याच्या नावाने चालणाऱ्या संघटनांचे), म्हणजे लंडनच्या भाषेत 'लिव्हरी कंपन्यां'चे, आणि नगराच्या 'फ्रीडम'चे, म्हणजे नगराच्या नागरिकत्वाच्या हक्काचे कागद. मुलाचं नाव, बापाचं नाव, बापाचं गाव, बापाचा धंदा, बाप हयात की मयत, मुलगा कोणाकडे शिकायला राहिला, किती वर्षांसाठी, किती पैसे भरून: हे सगळं एका नोंदीत सापडू शकतं. मी प्रामुख्याने लंडनबद्दलच लिहिणार आहे, कारण कागद सर्वांत जास्त तिथलेच टिकलेत. इतर शहरांचं शेवटाकडे थोडक्यात.

आधी एक गैरसमज काढून टाका

आपल्याला सुतार, सोनार, कासार या आडनावांची आणि बलुतेदारीची सवय. त्यामुळे कागदावर 'सिटिझन अँड बुचर ऑफ लंडन' दिसलं की आपण झटकन लिहून मोकळे होतो: पूर्वज खाटीक होता. थांबा.

'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनियल डीफो १६८८ साली बुचर्स कंपनीचा सभासद झाला. त्याने आयुष्यात बोकड कापला नाही. तो मोज्यांचा घाऊक व्यापारी होता. मग खाटकांच्या कंपनीत कसा? बापामुळे. बाप जेम्स फो बुचर्स कंपनीचा सभासद होता. आणि बाप तरी खाटीक होता का? नव्हता. तो मेणबत्त्यांच्या चरबीचा व्यापारी होता.

याचं कारण 'कस्टम ऑफ लंडन' नावाची जुनी वहिवाट. कुठल्याही एका कंपनीतून माणूस सिटीचा, म्हणजे जुन्या लंडन शहराचा 'फ्रीमन' (फ्रीडम मिळालेला) झाला की त्याला कुठलाही धंदा करायची मुभा मिळे. धंदा बदलला तरी कंपनी तीच, आणि पुढे मुलंही त्याच कंपनीत. १८व्या शतकात तर ड्रेपर्स कंपनीत कापडाशी काडीचा संबंध नसलेले कितीतरी लोक सापडतात. कंपनीच्या नावावरून पूर्वज कोणाच्या ओळखीने आत शिरला, हे कळतं. तो काय विकत होता हे कळायला दुसरा पुरावा लागतो. वंशावळीत 'कंपनी' आणि 'व्यवसाय' असे दोन वेगळे रकाने आत्ताच करून ठेवा.

जाता जाता: डीफोच्या आडनावातला 'डी' त्याने पुढे स्वतःच लावून घेतला. म्हणजे बापाची नोंद शोधायची तर 'फो' म्हणूनच शोधायला हवी. आडनावाची स्पेलिंगं चार-पाच प्रकारे टाकून बघण्याची सवय लावून घ्या.

पहिली पायरी: खूण पटवणं

सरसकट सगळ्यांचे पूर्वज या कागदांत नसतात. शेतमजूर, मोलकरीण, खलाशी यांना इथे शोधण्यात वेळ घालवू नका. दुकानदार, कारागीर, व्यापारी, आणि काळ साधारण १८५० च्या आधीचा, असं असेल तर पुढे चला.

खात्रीची खूण म्हणजे 'सिटिझन अँड...' हे शब्द. ते मृत्युपत्राच्या पहिल्या दोन-तीन ओळींत असतात: आधी नाव, मग 'सिटिझन अँड ड्रेपर', 'सिटिझन अँड हॅबरडॅशर' वगैरे. १८५८ च्या आधीची दक्षिण इंग्लंडातल्या खात्यापित्या लोकांची मृत्युपत्रं मुख्यतः कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात सिद्ध होत. ती आता क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'प्रॉब ११' या वर्गात आहेत आणि त्यांची सूची संकेतस्थळावर फुकट चाळता येते. लग्नाच्या परवान्याचे अर्ज आणि थडग्यांवरचे लेख यांतही हेच शब्द येतात.

आणखी एक जागा म्हणजे छापील मतदान-याद्या, 'पोल बुक्स'. १८७२ पर्यंत संसदेचं मतदान गुप्त नव्हतं, कोणी कोणाला मत दिलं हे सरळ छापलं जाई. सिटीत लिव्हरीमनला मत असे आणि नावापुढे त्याची कंपनी असे. फ्रीमन आणि लिव्हरीमन यांत मात्र फरक आहे. फ्रीमन म्हणजे साधा सभासद, तर लिव्हरीमन म्हणजे जास्त पैसे भरून वरच्या पायरीवर गेलेला, कंपनीचा झगा घालण्याचा मान असलेला. लॉर्ड मेयरच्या निवडणुकीत आजही लिव्हरीमनच मत देतात.

दुसरी पायरी: 'सिटी' म्हणजे कुठलं लंडन?

इथे सिटी म्हणजे जुन्या तटबंदीतलं आणि तिच्या लगतचं साधारण चौरस मैलभर शहर. वेस्टमिन्स्टर वेगळं. या चौरस मैलात दुकान मांडून किरकोळ विक्री करायची तर १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रीमन असणं आवश्यक होतं. बाहेरच्यांना ती सक्ती नव्हती. पण घर सिटीबाहेर होतं म्हणून लगेच नाव खोडू नका. असं का म्हणतो ते पुढे कवी विल्यम ब्लेकच्या नोंदीत दिसेल.

तिसरी पायरी: तीन दरवाजे

फ्रीडम मिळवण्याच्या मुख्य वाटा तीन. पूर्वज कुठल्या वाटेने आत गेला, त्यावर तुम्हाला काय मिळणार ते ठरतं.

पहिली वाट 'सर्व्हिट्यूड', म्हणजे उमेदवारी. मुलगा चौदा-पंधराव्या वर्षी उस्तादाकडे करारनामा करून राहायला जाई, बहुधा सात वर्षांसाठी. आपल्या कामाची सर्वांत चांगली वाट हीच, कारण करारात बापाची माहिती येते. ग्रामीण इंग्लंडातून लंडनला आलेल्या घराण्याचं मूळ गाव समजायला अनेकदा याशिवाय दुसरा कागदच नसतो.

दुसरी 'पॅट्रिमनी', म्हणजे वारसा. इथे अट बघा: बाप फ्रीमन झाल्यानंतर जन्मलेल्या औरस अपत्यालाच हा हक्क. त्यामुळे अशी एक नोंद मिळाली की बाप आपोआप मिळतो आणि त्याची फ्रीडमची तारीख मुलाच्या जन्माआधीची असणार हेही कळतं. मग बापाची नोंद, तोही वारसाने आला असेल तर आजोबांची, असं मागे मागे जाता येतं.

तिसरी 'रिडेम्प्शन': सरळ पैसे भरून. हिच्यात घराण्याची माहिती सहसा फार निघत नाही. १८३५ पासून कंपनीच्या मध्यस्थीशिवायही फ्रीडम मिळू लागली, त्यामुळे त्यानंतरच्या नोंदींत कंपनी नसेल तर गोंधळून जाऊ नका.

मानद फ्रीडम निराळीच. मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉय यांना १८५५ मध्ये ती मिळाली, पंडित नेहरूंना १९५६ मध्ये. हा सत्कार झाला. त्यामागे ना उमेदवारी ना कंपनीचं रजिस्टर.

चौथी पायरी: नोंदी दोन ठिकाणी असतात

नवशिक्याची सर्वांत जास्त तारांबळ इथे उडते. माणूस आधी कंपनीचा फ्रीमन होई आणि मग गिल्डहॉलला (सिटीच्या कचेरीत) चेंबरलेनसमोर, म्हणजे सिटीच्या खजिनदारासमोर जाऊन सिटीचा फ्रीमन. दोन संस्था, दोन तारखा, दोन वेगळे कागद. एक सापडला म्हणून थांबू नका.

सिटीचे कागद द लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. क्लार्कनवेलमधली ही संस्था २०२४ पर्यंत लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज म्हणून ओळखली जाई, त्यामुळे जुन्या लेखांत ते नाव दिसेल. प्रवेशाचे कागद १६८१ पासूनचे आहेत आणि त्यांच्या प्रतिमा अ‍ॅन्सेस्ट्री या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. उमेदवारीने आलेल्या माणसाच्या बाबतीत हा कागद म्हणजे अनेकदा त्याचा मूळ करारनामाच, ज्याच्या मागे फ्रीडम मिळाल्याचा शेरा मारलेला असतो. पुढची बाजू पाहून प्रतिमा बंद करू नका, मागची बाजूही उघडा.

कंपनीकडचं दप्तर जास्त पसरट. उमेदवार बांधून घेतल्याचं रजिस्टर, फ्रीमनचं रजिस्टर, कारभारी मंडळाची इतिवृत्तं आणि तिमाही वर्गणीच्या 'क्वार्टरेज' वह्या. या शेवटच्या वह्या लोक उघडतच नाहीत, आणि मला त्याच सर्वांत आवडतात. दर तिमाहीला काही पेन्स भरले की नाही एवढाच मजकूर असतो, पण सलग वर्षं पाहिली की माणूस कधी शहर सोडून गेला, कधी तंगीत आला, कधी वारला याचा अंदाज येतो. वर्गणी थांबली तिथून दफनाच्या नोंदी शोधायला घ्या.

बहुतेक कंपन्यांची जुनी दप्तरं सिटीच्या सार्वजनिक संग्रहात जमा आहेत. पण मर्सर्स, ड्रेपर्स, गोल्डस्मिथ्स, क्लॉथवर्कर्स, स्टेशनर्स अशा काहींनी ती आपल्याच हॉलमध्ये ठेवली आहेत. तिथे न कळवता जाऊन थडकू नका, आधी ईमेल करून वेळ घ्या.

पाचवी पायरी: कुठल्या क्रमाने शोधायचं

आधी फुकटचं. 'रोल्को' नावाने ओळखला जाणारा लिव्हरी कंपन्यांच्या नोंदींचा डेटाबेस पैसे न देता वापरता येतो. त्यात ड्रेपर्स, क्लॉथवर्कर्स, गोल्डस्मिथ्स, मर्सर्स, गर्डलर्स अशा निवडक कंपन्या आहेत, सगळ्या नाहीत. तिथे नाव नसेल तर त्याचा अर्थ एवढाच की या कंपन्यांत नाही.

मग अ‍ॅन्सेस्ट्रीवरचे सिटीचे कागद. त्यानंतर फाइंडमायपास्टवरच्या लंडनच्या उमेदवारांच्या सूची. ही दोन्ही संकेतस्थळं पैसे घेतात, पण ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत आणि क्यूच्या वाचनकक्षात फुकट वापरता येतात. मुलगी लेस्टरला किंवा हॅरोला राहत असेल तर तिला वाचनालयाचं कार्ड काढायला सांगा, वर्गणी भरण्याआधी.

१६८१ च्या आधीचे सिटीचे बहुतेक कागद आगीत गेले. त्या काळासाठी कंपनीच्याच रजिस्टरांकडे वळावं लागतं, म्हणजे कंपनी आधी माहीत हवी. पहिल्या पायरीवरची ती 'सिटिझन अँड...' ची खूण इथे कामी येते.

एक नोंद जवळून

कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकची उमेदवारी स्टेशनर्स कंपनीच्या रजिस्टरात आहे. तारीख ४ ऑगस्ट १७७२. मजकूर असा: विल्यम ब्लेक, ब्रॉड स्ट्रीट, कार्नबी मार्केट इथल्या जेम्सचा मुलगा. उस्ताद जेम्स बझायर, ग्रेट क्वीन स्ट्रीट, खोदकाम करणारा. मुदत सात वर्षं. मोबदला ५२ पौंड १० शिलिंग, बापाने भरलेला.

आता ही नोंद सावकाश वाचू. ब्लेकचा जन्म नोव्हेंबर १७५७ चा, म्हणजे करार झाला तेव्हा तो चौदा वर्षांचा. उलट दिशेने, जन्मतारीख माहीत नसलेल्या पूर्वजाच्या बाबतीत करारातून चौदा ते सोळा वर्षं वजा करून बाप्तिस्मा शोधायचा. त्यानंतर पत्ते पाहा. बापाचं घर सोहोकडे, उस्तादाचं दुकान लिंकन्स इन फील्ड्सजवळ, आणि दोन्ही सिटीच्या बाहेर. तरीही नोंद सिटीच्या कंपनीत, कारण उस्ताद त्या कंपनीचा सभासद. मागे म्हटलं ते याच्यासाठी. कंपनी पाहा: स्टेशनर्स म्हणजे छपाई-पुस्तकवाले, इथे खोदकाम करणारा त्यांत बसतोही. पण बाप होझिअरीचा दुकानदार. मुलगा बापाच्या धंद्यात गेलाच पाहिजे, असं तिथे नव्हतं.

शेवटी रक्कम. पन्नास पौंडांच्या वर म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. या रकमेवर सरकारला कर द्यावा लागे, आणि त्यातूनच आपल्याला आणखी एक दप्तर मिळतं.

कराची वही

१७१० पासून उमेदवारीच्या प्रीमियमवर (उस्तादाला भरलेल्या मोबदल्यावर) मुद्रांक कर बसला: ५० पौंडांपर्यंत पौंडामागे ६ पेन्स, त्यावर गेलं की पौंडामागे १ शिलिंग. या हिशेबाने ५२ पौंड १० शिलिंगांवर २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स होतात. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, हे डोक्यात पक्कं बसवा. १७१० ते १८११ पर्यंतच्या वह्या क्यूला 'आयआर १' वर्गात आहेत, अ‍ॅन्सेस्ट्रीवरही दिसतात. यांत लंडनखेरीज देशभरचे उमेदवार येतात, म्हणून गिल्ड नसलेल्या गावांसाठीही त्या पाहाव्यात.

दोन मर्यादा आहेत. १७५२ नंतर बापाचं नाव क्वचितच लिहिलं जाई. आणि पॅरिशने (चर्चच्या हद्दीच्या स्थानिक कारभाराने) किंवा धर्मादाय संस्थेने पाठवलेल्या मुलांना कर माफ होता. बापाने स्वतःच्या मुलाला शिकवलं तर प्रीमियमचा प्रश्नच नव्हता. तेव्हा नाव नाही म्हणजे उमेदवारी झाली नाही, असं धरू नका. शिवाय कर मुदत संपल्यावरही भरता येई, म्हणून नोंदीची तारीख कराराच्या तारखेच्या बरीच नंतरची असू शकते.

तारखा आणि अक्षर

१७५२ च्या आधी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे कागदावर '१२ जानेवारी १६८७' लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १६८८. वंशावळीत अशी तारीख '१६८७/८' अशी जोडून लिहितात.

करारनाम्यांत कधीकधी सन आकड्यांत नसतोच, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. तिसरा जॉर्ज गादीवर आला २५ ऑक्टोबर १७६० ला. त्यामुळे त्याचं बारावं वर्ष २५ ऑक्टोबर १७७१ ते २४ ऑक्टोबर १७७२, आणि ब्लेकचा ऑगस्ट त्यात बसतो. शककर्त्यांच्या आणि संवत्सरांच्या घोळात वाढलेल्यांना हे जड जाऊ नये.

अक्षराचं म्हणाल तर १८व्या शतकातले करार छापील असत, फक्त रिकाम्या जागा हाताने भरलेल्या. छापील भाग सगळीकडे सारखाच: पत्ते-फासे खेळू नये, दारूच्या गुत्त्यावर जाऊ नये, नाटकं पाहू नयेत, मुदतीत लग्न करू नये. तो एकदा वाचून मजा घ्या आणि नंतर सरळ हाताने लिहिलेल्या शब्दांवर जा. बापाच्या नावापुढे 'डिसीज्ड' आहे का ते आवर्जून पाहा, त्यावरून बापाच्या मृत्यूची अलीकडची मर्यादा ठरते. १६व्या-१७व्या शतकातलं वळण मात्र वेगळं असतं. मोडी शिकताना जशी आधी बाराखडी लिहून काढतो तशीच त्याचीही काढावी लागते, दुसरा उपाय नाही.

कोण दिसतं, कोण दिसत नाही

बायका दिसतात, पण आडून. फ्रीमनची विधवा नवऱ्याचा धंदा चालवू शके, उमेदवारही ठेवी. एक गंमत लक्षात ठेवा. शिकायला आलेली मुलगी उस्तादाच्या नावावर, त्याच्या कंपनीत बांधली जाई आणि प्रत्यक्षात शिके त्याच्या बायकोकडून, टोप्या-झालरींचं काम. रजिस्टरात लोहारांच्या कंपनीत मुलगी सापडली तर ती घण मारत नव्हती. करारात बायकोच्या धंद्याचा उल्लेख आहे का ते बघा.

उमेदवारी सुरू करणारे पुष्कळ, पूर्ण करून फ्रीमन होणारे त्यापेक्षा बरेच कमी. कोणी पळून गेला, कोणी गावी परतला. तेव्हा फ्रीडमची नोंद नाही म्हणून मुलगा वारला, असा निष्कर्ष काढू नका.

काहींना दारच बंद होतं. १४ सप्टेंबर १७३१ ला लॉर्ड मेयरने हुकूम काढला की 'नीग्रो किंवा इतर ब्लॅक' मुलांना सिटीच्या कुठल्याही कंपनीत उमेदवार म्हणून घेऊ नये. त्या काळी हिंदुस्थानातून नेलेल्या माणसालाही सर्रास 'ब्लॅक'च म्हणत. ज्यूंना सिटीची फ्रीडम १८३० मध्ये खुली झाली. अशा घराण्यांसाठी पॅरिशची दप्तरं आणि मृत्युपत्रं हीच जास्त भरवशाची.

लंडनबाहेर

यॉर्कची फ्रीमन-रजिस्टरं १२७२ पासूनची आणि जुना भाग छापलेला. प्रेस्टनला दर वीस वर्षांनी 'गिल्ड' नावाचा उत्सव भरतो (मागचा २०१२ ला झाला), आणि तिथल्या १३९७ पासूनच्या याद्यांत बापाबरोबर मुलगे एकत्र लिहिलेले असतात. म्हणजे तयार वंशावळच. ब्रिस्टलमध्ये फ्रीमनच्या मुलीशी लग्न करूनही फ्रीडम मिळे, स्कॉटलंडच्या 'बर्गेस' (तिथले फ्रीमन) नोंदींतही तसंच, त्यामुळे सासऱ्याचं नाव फुकट पदरात पडतं. १८३५ च्या कायद्याने लंडन सोडून इतर शहरांत धंद्याची मक्तेदारी संपली, तरी नोंदी पुढे चालू राहिल्या, पण विरळ.

धागा मुंबईतून सुरू होत असेल तर

पूर्वज कंपनी सरकारच्या काळात मुंबईला आलेला इंग्रज असेल तर उलट्या बाजूने या. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात 'एन/३' या वर्गात आहेत. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या मोफत सूचीत आधी नाव टाकून बघा. तो ईस्ट इंडिया कंपनीचा 'रायटर', म्हणजे कनिष्ठ कारकून म्हणून आला असेल तर त्याच दप्तरातल्या 'जे/१' वर्गात त्याचा नोकरीचा अर्ज आणि सोबत बाप्तिस्म्याचा दाखला मिळू शकतो. दाखल्यावरचा पॅरिश सिटीच्या हद्दीतला निघाला, तर बापाचं नाव आणि अंदाजे सन घेऊन आधी चेंबरलेनच्या कागदांत आणि मग लिव्हरी कंपनीच्या रजिस्टरात शोधा. अर्ज करणारा पोरगा स्वतः कधी फ्रीमन झाला नसेल, पण बाप असण्याची शक्यता चांगलीच असते.